विश्रामबाग : घर निवडताना शाळेचा हिशेब

सांगली, प्रतिनिधी – थोरले मूल पहिलीच्या उंबरठ्यावर आणि धाकटे पाळण्यात, अशा वेळी दोन खोल्यांचे घर अपुरे पडू लागते. सांगली-मिरज परिसरातील अनेक नोकरदार कुटुंबांची पावले मग विश्रामबागच्या दिशेने वळतात. जागा किती खोल्यांची, पाणी किती वेळ येते, गाडी लावायला जागा आहे का, हे प्रश्न आवर्जून विचारले जातात. शाळेच्या बाबतीत मात्र 'जवळ चांगल्या शाळा आहेत' एवढ्या उत्तरावर समाधान मानले जाते. वास्तविक, मूल बालवाडीत जाऊ लागल्यापासून दहावी होईपर्यंत बारा-तेरा वर्षे त्या घराचा दिनक्रम शाळाच ठरवीत असते. म्हणूनच घर आणि शाळा हे दोन स्वतंत्र निर्णय न मानता एकच निर्णय मानणे शहाणपणाचे ठरते.

शिक्षणाभोवती वाढलेले उपनगर

विश्रामबाग हे सांगली आणि मिरज या दोन शहरांच्या दरम्यान, सांगली-मिरज रस्त्यालगत वसले आहे. या भागाला आज जे रूप आहे, ते घडण्यात शिक्षणसंस्थांचा वाटा मोठा आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ मध्ये येथे विलिंग्डन महाविद्यालय सुरू केले. मुंबई प्रांताचे गव्हर्नर राहिलेल्या लॉर्ड विलिंग्डन यांचे नाव त्याला देण्यात आले. पुढे १९४७ मध्ये न्यू इंजिनिअरिंग कॉलेज उभे राहिले. १९५५ पासून ते वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय या नावाने ओळखले जाते आणि २००७ मध्ये त्याला स्वायत्तता मिळाली. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचेच चिंतामणराव वाणिज्य महाविद्यालयही याच परिसरात आहे.

शालेय स्तरावर सांगली शिक्षण संस्थेची कांतिलाल पुरुषोत्तमदास शहा प्रशाला विश्रामबागच्या अनेक पिढ्यांना परिचित आहे. शेजारच्या वानलेसवाडीत वानलेसवाडी हायस्कूल आहे. मिरजेच्या मिशन रुग्णालयाचे संस्थापक डॉ. विल्यम वानलेस यांच्या नावावरून त्या वस्तीला हे नाव पडले. सांगली, मिरज आणि कुपवाड या तीन शहरांची मिळून फेब्रुवारी १९९८ मध्ये एक महापालिका झाली. पुढील काळात जिल्हाधिकारी कार्यालय विजयनगरला आल्याने या पट्ट्यातील निवासी वस्ती आणखी वाढली. गव्हर्न्मेंट कॉलनी, वारणाली, नेमिनाथनगर, शंभर फुटी रस्ता, स्फूर्ती चौक ही नावे घर शोधणाऱ्यांच्या तोंडी असतात, ती त्यामुळेच.

थोडक्यात, बालवर्गापासून पदवीपर्यंतचे शिक्षण एकाच परिसरात पूर्ण होऊ शकते, हे विश्रामबागचे खरे वैशिष्ट्य होय. प्रत्येक मोठ्या शहरात हे साधत नाही.

'पब्लिक स्कूल' आणि सार्वजनिक शाळा

फलकावर 'पब्लिक स्कूल' असे लिहिलेले असले, तरी आपल्याकडे ती बहुधा खासगी, शुल्क घेणारी इंग्रजी माध्यमाची शाळा असते. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या शाळा दोन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार महापालिकेच्या शाळांचा. दुसरा खासगी अनुदानित शाळांचा. या शाळा शिक्षणसंस्था चालवितात. मात्र शिक्षकांचे वेतन शासन देते. सांगलीतील नामांकित मराठी शाळांपैकी अनेक शाळा दुसऱ्या प्रकारात मोडतात.

या दोन्ही प्रकारच्या शाळांत पहिली ते आठवीपर्यंत शालेय पोषण आहार मिळतो आणि पाठ्यपुस्तके मोफत दिली जातात. शिक्षण हक्क कायद्यानुसार तेथे शाळा व्यवस्थापन समिती असणे बंधनकारक आहे. समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. याचा अर्थ, शाळेचा कारभार विचारण्याचा अधिकार पालकांना कायद्यानेच दिलेला आहे.

उरलेल्या शाळा विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित असतात. एकाच संस्थेच्या एकाच आवारात काही तुकड्या अनुदानित, तर काही विनाअनुदानित असू शकतात. त्यामुळे 'शाळा अनुदानित आहे का?' एवढे विचारून भागत नाही. 'माझ्या मुलाला ज्या तुकडीत प्रवेश मिळणार, ती अनुदानित आहे का?' हा प्रश्न प्रवेशापूर्वीच विचारावा.

माध्यमाचा प्रश्न स्वतंत्र आहे. अनेक अनुदानित मराठी शाळांनी सेमी इंग्रजीचा मार्ग स्वीकारला आहे. त्यात गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, तर उर्वरित विषय मराठीतून शिकविले जातात. सेमी इंग्रजी कोणत्या इयत्तेपासून आहे, हे मात्र शाळेनुसार बदलते. मंडळ कोणतेही निवडले, तरी राज्याच्या २०२० च्या कायद्यानुसार पहिली ते दहावी मराठी विषय शिकविणे अनिवार्य आहे.

अंतर : नकाशावरचे आणि पायाखालचे

शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी घरापासून १ किलोमीटरच्या आत, तर सहावी ते आठवीच्या मुलांसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा उपलब्ध असावी, अशी अपेक्षा आहे. विश्रामबागसारख्या भागात नकाशावर ही अट सहज पूर्ण होते. प्रत्यक्षात प्रश्न वेगळा असतो. सहा वर्षांच्या मुलाला सांगली-मिरज रस्ता ओलांडावा लागतो का? वाटेत रेल्वेमार्ग येतो का? पावसाळ्यात त्या गल्लीत पाणी साचते का? या प्रश्नांची उत्तरे घर पाहण्यासाठी रविवारी दुपारी गेल्यास मिळत नाहीत. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी, कामाच्या दिवशी तो रस्ता एकदा पायी चालून पाहणे हाच त्यावरील उपाय आहे.

आजी-आजोबा घरी असतील, तर हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा ठरतो. आई-वडील दोघेही नोकरीला जाणाऱ्या घरात मुलाला शाळेतून आणण्याचे काम बहुधा आजोबांकडे येते. त्यांना चालता येईल असे अंतर, ओलांडता येईल असा चौक आणि मध्ये टेकायला एखादी सावली, या गोष्टी घराच्या चौरस फुटांइतक्याच मोलाच्या आहेत.

दोन मुले असल्यास वेळांचा ताळमेळही पाहावा लागतो. पूर्व प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ पूर्वी भरवू नयेत, असा आदेश राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. माध्यमिक वर्ग मात्र सकाळच्या सत्रात भरू शकतात. थोरला सातला बाहेर पडणार आणि धाकटी नऊनंतर, अशी स्थिती असेल तर एकच शाळा असूनही घरच्यांना दोन फेऱ्या कराव्या लागतात.

मोठ्या मुलांसाठी सांगली-मिरज रस्त्यावरील एसटीची शहर बस आणि वडाप यांचा आधार असतो. लहान मुलांना व्हॅनने पाठवायचे असल्यास, २०११ च्या स्कूल बस नियमावलीनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असणे आवश्यक आहे, हे लक्षात ठेवावे. व्हॅन अधिकृत आहे का, मुलांसोबत सहायक असतो का, याची विचारणा या समितीकडे करता येते.

चौथीनंतर काय?

पहिलीचा प्रवेश मिळाला म्हणजे चिंता मिटली, असे समजण्याची चूक होऊ नये. कायद्याने प्राथमिक शिक्षण पाचवीपर्यंत आणि उच्च प्राथमिक आठवीपर्यंत धरले असले, तरी राज्यातील जुनी रचना चौथी, सातवी आणि दहावी अशी आहे. अनेक प्राथमिक शाळा चौथीला किंवा सातवीला संपतात. तेथून मुलाला दुसऱ्या शाळेत जावे लागते आणि तेव्हा नावाजलेल्या माध्यमिक शाळेच्या दारात गर्दी असते. संस्थेचीच प्राथमिक आणि माध्यमिक शाळा असेल, तर पाचवीचे प्रवेश प्राधान्याने कोणाला मिळतात, हे पहिलीच्या वेळीच विचारून घ्यावे.

बालवाडीबाबतही हीच दक्षता हवी. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयोगटासाठी आहे. घराजवळच्या इमारतीत सुरू असलेली नर्सरी म्हणजे मान्यताप्राप्त शाळा नव्हे. तेथून पुढे पहिलीला प्रवेश कोठे मिळेल, याची हमी ती देऊ शकत नाही. राज्यात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला मुलाचे वय सहा वर्षे पूर्ण असावे, असा नियम आहे. नर्सरीसाठी ही मर्यादा तीन वर्षांची आहे.

दहावीनंतरचा टप्पाही डोळ्यांसमोर असावा. अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून संपूर्ण राज्यात ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. घर महाविद्यालयाच्या जवळ असले म्हणून तेथे प्रवेश मिळेलच असे नाही. तेथे गुण महत्त्वाचे ठरतात. तरीही विलिंग्डनसारखे महाविद्यालय सायकलच्या अंतरावर असणे ही मोठीच सोय आहे.

पट आणि शिक्षक

शाळेचा दर्जा निकालाच्या टक्केवारीवरून ठरविण्याची सवय आपल्याला आहे. प्राथमिक शाळेच्या बाबतीत त्याहून सोपी कसोटी उपलब्ध आहे, ती म्हणजे शिक्षकांची संख्या. कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी ६० पर्यंत विद्यार्थी असल्यास २ शिक्षक, ६१ ते ९० साठी ३, ९१ ते १२० साठी ४ आणि १२१ ते २०० साठी ५ शिक्षक हवेत. विद्यार्थी १५० पेक्षा अधिक असल्यास स्वतंत्र मुख्याध्यापकही हवा. सहावी ते आठवीसाठी प्रत्येक वर्गाला किमान १ आणि दर ३५ विद्यार्थ्यांमागे १ शिक्षक असावा लागतो.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. पहिली ते पाचवीच्या शाळेत ५५ मुले असतील, तर पाच वर्गांना दोनच शिक्षक मिळतात. म्हणजे एक शिक्षक एकाच वेळी दोन-तीन वर्ग सांभाळतो. शंभर मुले असतील, तर शिक्षक चार होतात. दरवर्षी होणाऱ्या संचमान्यतेत पदे पटावरूनच ठरतात. पट घटला की पद कमी होते, शिक्षक अतिरिक्त ठरून अन्यत्र जातो आणि शिक्षक नाही म्हणून आणखी पालक मुले काढून घेतात. महापालिकेच्या आणि अनुदानित मराठी शाळांपुढील आजचे संकट नेमके हे आहे.

शाळेला भेट देताना पालकांनी पट किती, मंजूर पदे किती आणि प्रत्यक्ष हजर शिक्षक किती, असे तीन आकडे मागावेत. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो. त्यावरून विद्यार्थी, शिक्षक, वर्गखोल्या आणि स्वच्छतागृहे यांची नोंद ऑनलाइन पाहता येते. कागदावरील नोंद आणि डोळ्यांना दिसणारी स्थिती ताडून पाहिली, की शाळेची बरीचशी ओळख पटते. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का, ग्रंथालयातील पुस्तके कपाटाबाहेर येतात का, मैदानावर खेळाचा तास होतो का, हे समक्षच पाहावे लागते.

पंचवीस टक्के प्रवेश आणि घराचा पत्ता

खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशस्तरावरील २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखीव असतात. अल्पसंख्याक शाळांना ही तरतूद लागू नाही. दुर्बल घटकासाठी राज्यात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख रुपये आहे. हे प्रवेश ऑनलाइन अर्ज आणि सोडतीद्वारे होतात. सोडतीत १ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलांचा विचार प्रथम होतो.

येथे घराचा पत्ता निर्णायक ठरतो. अर्ज भरताना नकाशावर घराचे स्थान चुकीचे दाखविले गेल्यास पडताळणीत प्रवेश रद्द होण्याची भीती असते. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना नोंदणीकृत भाडेकरार सादर करावा लागतो. साध्या मुद्रांकावरील करार पुरेसा ठरत नाही. त्यामुळे अशा प्रवेशाचा विचार असणाऱ्या भाडेकरूंनी अर्जाची मुदत सुरू होण्यापूर्वीच करार नोंदवून ठेवावा.

शासकीय किंवा अनुदानित शाळा १ किलोमीटरच्या आत असल्यास खासगी शाळेला या जागांतून सूट देणारा बदल राज्य शासनाने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी केला होता. अनुदानित शाळा जवळ असलेल्या उपनगरांना त्याचा सर्वाधिक फटका बसला असता. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द ठरविला.

शुल्क आणि मान्यता

खासगी शाळा निवडणाऱ्यांनी पहिल्या वर्षाच्या शुल्कावरून अंदाज बांधू नये. राज्याच्या २०११ च्या शुल्क नियमन कायद्यानुसार प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असते. समितीवरील पालक प्रतिनिधी सोडतीने निवडले जातात. शुल्काचा प्रस्ताव या समितीपुढे यावा लागतो आणि ठरलेले शुल्क दोन शैक्षणिक वर्षे बंधनकारक असते. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेणे आणि देणगी घेणे, या दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याने मनाई आहे.

शाळेला मान्यता आहे की नाही, हे प्रवेशापूर्वीच पाहावे. शहरातील प्राथमिक शाळांची माहिती महापालिकेच्या शिक्षण विभागातील प्रशासनाधिकाऱ्यांकडे, तर माध्यमिक शाळांची माहिती जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे मिळते. तक्रारीसाठीही हीच दारे आहेत.

घराची जागा : पूररेषा आणि गुंठेवारी

सांगलीत घर घेताना कृष्णेचा विचार टाळता येत नाही. शहरात आयर्विन पुलाजवळ नदीची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ आणि २०२१ मध्येही शहराने महापूर अनुभवला. विश्रामबाग नदीपासून दूर आणि तुलनेने उंचावर असल्याने पूरकाळात अनेक कुटुंबे या भागात आश्रयाला येतात. महापुरानंतर विश्रामबागकडे ओढा वाढण्यामागे हेही एक कारण आहे.

तरीही 'विश्रामबाग' या नावाखाली जाहिरातीत दूरवरचे भूखंडही विकले जातात. सखल भागात नदीचे पाणी आले नाही, तरी ओढ्या-नाल्यांचे पाणी तुंबते. म्हणून पत्त्यातील नावावर न जाता निळी आणि लाल पूररेषा पाहावी. शाळा पूररेषेच्या कोणत्या बाजूला आहे, हेही तपासावे. घर कोरडे राहूनही मुलाची शाळा पाण्याखाली गेली किंवा पूरग्रस्तांचे निवारा केंद्र झाली, तर वर्ग काही दिवस बंद राहतात.

सांगलीतील दुसरा प्रश्न गुंठेवारीचा आहे. २००१ च्या कायद्यानुसार अशा भूखंडांच्या नियमितीकरणाची सोय झाली आणि २०२१ च्या सुधारणेने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या भूखंडांना ती लागू झाली. नियमितीकरणाचे प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. नव्या प्रकल्पात सदनिका घेताना महारेराचा नोंदणी क्रमांक पाहावा.

बदली होऊन येणाऱ्यांसाठी

नोकरीतील बदलीमुळे वर्षाच्या मध्यात येणाऱ्या कुटुंबांना शाळा मिळेल का, ही धास्ती असते. शाळा सोडल्याचा दाखला येण्यास उशीर झाला, म्हणून शासकीय किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. जन्मदाखला नाही, म्हणूनही प्रवेश अडविता येत नाही. अशा कुटुंबांनी घाईने घर विकत घेण्याऐवजी एक शैक्षणिक वर्ष भाड्याने राहून परिसर आणि शाळा पारखून घेणे हिताचे ठरते.

पालकच शाळा घडवितात

सर्व बाजूंनी विचार केल्यास, विश्रामबागमध्ये शाळांचा तुटवडा नाही. निवड कशाच्या आधारे करायची, एवढाच प्रश्न आहे. ज्या शाळेत मूल चालत जाऊ शकते, जेथे प्रत्येक वर्गाला शिक्षक आहे, जी किमान दहावीपर्यंतची वाट दाखविते आणि जिचे दार पालकांना खुले आहे, ती चांगली शाळा. तिच्या फलकावर कोणते नाव आहे, हा त्यानंतरचा प्रश्न.

जवळची महापालिकेची किंवा अनुदानित शाळा या कसोट्यांना उतरत असूनही केवळ शेजारी तेथे जात नाहीत म्हणून ती नाकारली गेली, तर पट घटतो आणि शिक्षकाचे पद जाते. याउलट ५५ मुलांच्या शाळेत आणखी सहा मुले आली, तर तिसरा शिक्षक मागण्याचा हक्क त्या शाळेला मिळतो. सहा मुले म्हणजे एका गल्लीतील तीन-चार कुटुंबे. शहराच्या शिक्षणाचे धोरण मंत्रालयात ठरते हे खरे. पण घराजवळची शाळा टिकणार की नाही, हे बऱ्याच अंशी जून महिन्यात त्या गल्लीतील घरांतच ठरत असते.